मधली कळी

अध्यक्षांना अध्यक्ष कुणी केलं, हे कॉलनीत कुणालाच सांगता येत नाही. निवडणूक झाल्याचं कुणाला आठवत नाही, ठराव झाल्याचंही आठवत नाही. पण चार माणसं जमली आणि त्यांच्यात एखादी खुर्ची दिसली की ते जाऊन तीत बसत, आणि एकदा बसले की त्यांना उठवायची कुणाची छाती होत नसे. मग ती शोकसभा असो, टाकीच्या दुरुस्तीची बैठक असो, की जिन्याखाली मांजरीने पिल्लं घातली म्हणून भरलेली सभा असो. मांजरीच्या सभेत ते पाऊण तास बोलले. तोवर मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या इमारतीत राहायलाही गेली होती.

त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी वहिनी म्हणत असे. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. त्यांना नाव होतंच, पण ते रेशनकार्डाबाहेर फारसं पडत नसे.

घराच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर अकरा फोटो होते. कार्यालयाचा निरोपसमारंभ, सहल, कुणाचं तरी लग्न, कसलंसं उद्घाटन. अकराच्या अकरा फोटोंत अध्यक्ष मधल्या खुर्चीत, हात मांडीवर, हनुवटी वर. यांतल्या चार फोटोंत वहिनीही होत्या, पण त्या हुडकाव्या लागत. एकात त्यांचं अर्धं कपाळ होतं, एकात एक कान. एका फोटोत तर अध्यक्षांच्या खांद्यामागून नुसता एक हात आलेला होता. तो आपलाच, हे वहिनींना मनगटावरच्या घड्याळावरून कळलं. पाहुण्यांना त्या तो फोटो आवर्जून दाखवत. "हे घड्याळ तेव्हा नवं होतं," म्हणत.

अध्यक्ष नोकरीला पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य लिपिक होते. त्यांच्या टेबलासमोरच्या खिडकीतून मोठ्या साहेबांच्या बंगल्याची बाग दिसे. तिथला माळी गुलाबाच्या प्रत्येक फांदीवरची एकच मधली कळी ठेवी आणि बाजूच्या सगळ्या खुडून टाकी. मग ती एकटी कळी फुगत फुगत वाटीएवढी होई आणि साहेबांच्या टेबलावर जाऊन बसे. अध्यक्षांनी एकदा जाऊन माळ्याला विचारलं होतं. माळी म्हणाला, "एकीलाच सगळं मिळालं की ती पोसते, साहेब. बाकीच्या नुसत्या खातात."

झालं. माळी हे गुलाबाबद्दल बोलला होता आणि तेही एका विशिष्ट जातीच्या, मोठ्या एकट्या फुलाच्या गुलाबाबद्दल. पण अध्यक्षांनी ते जन्मभराचं सूत्र म्हणून गाठीला बांधलं. त्यांच्या हाताखाली सोळा लिपिक होते. ज्याने डोकं वर काढलं त्याची बदली मीटरच्या तळघरात. एका मुलीने तक्रारींसाठी नवं रजिस्टर आखलं, लोकांची कामं दोन दिवसांत व्हायला लागली, लोक तिचं नाव घ्यायला लागले. महिन्याभरात ती तळघरात नादुरुस्त मीटर मोजत बसली होती. यात द्वेष वगैरे काही नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. द्वेष असता तर निदान त्यांना एखाद्या वेळी झोप तरी लागली नसती. ते तर अगदी प्रामाणिकपणे बागकाम करत होते.

घरीही तेच. धाकटा भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा. "घरात एकच आवाज पुरे," असं अध्यक्ष म्हणाले, आणि क्लॅरिनेट माळ्यावर गेलं. भाऊ आता परगावी प्लास्टिकचे पाइप विकतो, फोनवर 'बरं' आणि 'हो' एवढंच बोलतो. मुलगी मात्र हुशार निघाली. तिने खुडायची वेळ येऊच दिली नाही. लांबची नोकरी धरली, मग घरी कळवलं.

राहता राहिल्या वहिनी. त्या समोरच्या शिंप्याकडची काज-बटणांची कामं घरी आणून करत. हात असा की काजाची एक शिवण दुसरीहून केसभर लांब दिसायची नाही. शिंप्याने एकदा विचारलं, दुकानाचा अर्धा भाग तुम्ही सांभाळता का, पाटीवर तुमचंही नाव घालतो. अध्यक्षांनी नाक मुरडलं. "एका घरातून एकानेच बाहेर जायचं असतं," म्हणाले. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी घरापुढचा बारा फूट बाय सात फुटांचा मातीचा तुकडा खणला आणि त्यात कोथिंबीर, मिरच्या, गवती चहा आणि एका कोपऱ्यात पुदिना लावला. पुदिना कोपऱ्यात कसला राहतोय, वर्षभरात तो सगळीकडे पसरला. रोज सकाळी अध्यक्ष कार्यालयात गेले की वहिनी दहा मिनिटं त्या वाफ्यात उकिडव्या बसत. हाताला त्या पुदिन्याचा वास लागे. मग दिवसभर काजं करताना तो वास येत राही. वीस वर्षं त्यांच्या मालकीचं असं जगात एवढंच होतं. दहा मिनिटं आणि एक वास.

अध्यक्ष निवृत्त झाले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. परत आल्या त्या नवा चष्मा लावून. फाटक उघडलं आणि नव्या चष्म्यातून त्यांना पहिली स्वच्छ दिसली ती उघडीबोडकी माती. वाफा मुळापासून उपटलेला, ढीग फाटकाबाहेर आणि मधोमध एक खड्डा. खड्ड्यापाशी अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे.

"गुलाब लावणार आहे," ते म्हणाले. "आता मला वेळ आहे."

वहिनींना रडू आलं. चष्मा नवा होता, म्हणून त्यांनी आधी तो काढून ओट्यावर ठेवला आणि मग रडल्या.

गुलाब आला तो फ्लोरिबंडा. गुलाबी, बुटका, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढा. नर्सरीवाल्याने त्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली होती, 'गुलाबी. बुटका. झुपक्यांनी फुलतो.' अध्यक्षांनी चिठ्ठीतला 'बुटका' वाचला, 'गुलाबी' वाचला, आणि 'झुपक्यांनी' कडे सराईत कानाडोळा केला. रंग मात्र फार गोड होता. नुकत्याच धुतलेल्या टाचेसारखा. वहिनींनी त्याचा राग राग करायचं ठरवलं होतं, पण पहिला घोस उमलला तेव्हा त्यांना ते जमलं नाही. झाडाचा काय दोष!

अध्यक्षांनी वाफ्याच्या मधोमध, झाडासमोर चार फरश्या टाकल्या आणि त्यांवर प्लास्टिकची पांढरी खुर्ची ठेवली. सकाळ-संध्याकाळ तिथे बसून ते झाडावर देखरेख करत. झाडाचा हजेरीपट होता. नवी फूट किती, कळ्या किती, मावा कुठल्या फांदीवर, साबणाचं पाणी कधी फवारलं, सगळं तारीखवार. फांदीच्या टोकाला सात-आठ कळ्यांचा झुपका आला की नखाने बाजूच्या खुडायच्या आणि मधली ठेवायची. खुडलेल्या कळ्यांचाही आकडा असे. एका हंगामात दोनशे चौदा.

फरश्यांच्या फटींतून एक तण सारखं वर येई, त्याने ते हैराण झाले होते. "कसलं चिवट तण आहे," म्हणत. "उपटलं की हाताला वास मारतो." वहिनी आतून ऐकत. वास कसला ते त्यांना ठाऊक होतं. पण त्या तोंडातून अवाक्षर काढत नसत, कारण नाव कळलं असतं तर अध्यक्षांनी औषधच मारलं असतं.

दरवर्षी गावच्या बागप्रेमी मंडळाचं पुष्पप्रदर्शन भरे. पहिल्या वर्षी अध्यक्ष झुपकेदार गुलाबांच्या विभागात एका देठावर एक फूल घेऊन गेले. फूल लिंबाएवढं. हा गुलाब लिंबाएवढाच होतो, त्याला कितीही भरवा. बाजूच्या कळ्यांचं सगळं खाऊन ते फूल काही मोठं झालं नाही. एकटं मात्र पडलं. परीक्षकबाई शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा सरकवून विचारलं, "झुपका कुठे आहे?"

"निवड करूनच आणलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "उत्तम तेवढं ठेवलंय."

दुसऱ्या वर्षीही तेच. या खेपेला बाईंनी चिठ्ठीवर 'नियमात बसत नाही' असं लिहून टाकलं. अध्यक्षांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मंडळाला सात पानी तक्रार लिहिली. परीक्षकांची पात्रता, टेबलाची उंची, मंडपातला उजेड, काही म्हणून सोडलं नाही. शेवटच्या पानावर मागणी केली की एका घरातून एकच प्रवेशिका हा नियम जाचक असून घरातल्या प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र प्रवेशिका भरता यावी. बायकोच्या नावावर दुसरं, मुलीच्या नावावर तिसरं फूल ठेवायचा त्यांचा बेत होता. मंडळाने साडेसहा पानांना केराची टोपली दाखवली आणि एवढी एक मागणी मात्र मान्य केली. बहुधा सात पानांतलं काहीतरी मान्य केलं नाही तर हा माणूस आठवं लिहील, अशी त्यांना धास्ती वाटली असावी.

तिसऱ्या वर्षी छाटणी झाली त्या दिवशी शेजारचे निवृत्त कंडक्टर कुंपणावर कोपरं टेकून उभे होते. पस्तीस वर्षं गर्दीवर आवाज चढवल्यामुळे त्यांना हळू बोलणं येतच नसे.

"काय अध्यक्ष, यंदाही एकच प्रवासी का? बाकीचे सगळे खाली उतरवले वाटतं!"

"यंदा कप घरी येणार," अध्यक्ष म्हणाले. "लिहून देतो."

"द्या की!"

वहिनी दारात होत्या. काय झालं कोण जाणे, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि नाही आला तर?"

दोघेही पुरुष त्यांच्याकडे बघायला लागले.

"नाही आला तर माझा वाफा मला परत द्या," वहिनी म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. मग आत जाऊन खरोखरच कागद घेऊन आले, कारण लिहून देणं हा त्यांचा जन्माचा धंदा. यंदाच्या प्रदर्शनात झुपकेदार गुलाबाचा कप आपल्याला न मिळाल्यास घरापुढील जागेचा ताबा पत्नीकडे देण्यात येईल, मिळाल्यास सदर विषय पुन्हा काढला जाणार नाही. खाली सही. साक्षीदार म्हणून कंडक्टरांची सही. वहिनींनी तो कागद बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला. पुन्हा काढला जाणार नाही, हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. त्यांना आता बासष्ट वर्षं पूर्ण झाली होती. या खेपेला गेला तो वाफा कायमचा गेला, हे त्यांना पक्कं कळलं.

महिनाभराने अध्यक्षांचा गुडघा धरला. खताची पिशवी आणायला नर्सरीत वहिनी गेल्या. नर्सरीवाला कुंड्यांना पाणी घालत होता.

"कसा आहे आमचा गुलाब?" त्याने विचारलं.

"एकेक फूल देतो."

"एकेक?" त्याने पाइप खाली टाकला. "बाजूच्या कळ्या खुडता की काय तुम्ही?"

"मी नाही हो. ते."

"अहो, तो झुपक्याचा गुलाब! त्याचं उलट असतं." नर्सरीवाल्याने जवळच्या कुंडीतली एक फांदी पुढे ओढली. "हे बघा. ही मधली आहे ना, ती सगळ्यांच्या आधी उमलते आणि सगळ्यांच्या आधी मरते. बाकीच्या उमलायला येतात तेव्हा ही मधे वाळून बसलेली असते. सगळा झुपका खराब दिसतो. म्हणून वाटाण्याएवढी झाली की हिलाच काढायची. मग बाजूच्या सगळ्या एकदम फुलतात." आणि त्याने नखाने मधली कळी टचकन काढून वहिनींच्या हातावर ठेवली.

वहिनी खताची पिशवी घेऊन घरी आल्या, ती कळीही मुठीत घेऊन आल्या. वाटेत त्यांच्या मनात चांगलंच द्वंद्व चाललं. गप्प बसलं तर वाफा आपला. नवरा आपण होऊन हरतोच आहे, त्याला हरू द्यायचं. पण असं मिळालेलं त्यांना नको होतं. शिंप्याच्या एका चुकलेल्या काजासाठी अख्खी रात्र न झोपणारी बाई ती.

संध्याकाळी त्यांनी खुर्चीपाशी जाऊन सांगितलं, "अहो, नर्सरीवाला म्हणत होता, या गुलाबाची मधली कळी खुडायची असते. म्हणजे बाकीच्या सगळ्या एकदम फुलतात."

अध्यक्षांनी वर पाहिलं. मग ते असे हसले की पलीकडून कंडक्टरांनी डोकं वर काढलं.

"मधली? अगं, मधलीच काढली तर मग राहिलं काय?"

"बाकीच्या राहतात," वहिनी म्हणाल्या.

"बाकीच्या!" अध्यक्ष म्हणाले, आणि हजेरीपटात डोकं घातलं.

एवढं सांगितल्यावर वहिनींचं मन निवांत झालं. सांगायचं काम त्यांनी केलं होतं. ऐकायचं खातं त्यांच्याकडे नव्हतं.

झाडाची एक बाजू खुर्चीसमोर होती, ती अध्यक्षांची. दुसरी बाजू स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला लागून. तिथे वाकून शिरायचं म्हणजे गुडघा हवा आणि अंगावर ओरखडे घ्यायची तयारी हवी, म्हणून तिची नोंद हजेरीपटात 'मागील बाजू, कमकुवत' अशी एका ओळीत उरकलेली होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बँकेत गेल्यावर वहिनी त्या बाजूला उकिडव्या बसल्या. तीन वर्षांनी त्या या मातीत अशा बसत होत्या. मागच्या बाजूला तीन दणकट फांद्या होत्या, तिन्हींच्या टोकांना नऊ-नऊ, दहा-दहा कळ्या. बाजूच्या कळ्या मधलीला दाटीवाटीने चिकटलेल्या. वहिनींनी अंगठ्याचं नख लावलं, जसं त्या उसवताना टाक्याखाली लावत, आणि बाजूच्या एकीलाही धक्का न लावता मधली काढली. तीन फांद्या, तीन कळ्या. उठताना फरशीच्या फटीतलं एक पान चुरडून त्यांनी नाकाशी धरलं.

मग एके दुपारी त्या प्रदर्शनाच्या कार्यालयात गेल्या. टेबलामागच्या बाईने अर्ज पुढे केला. वर मोठ्या अक्षरात 'स्पर्धकाचे नाव'. वहिनींनी पेन टेकवलं आणि त्यांचा हात अडला. शिंप्याच्या वहीत 'काजवाल्या वहिनी', दूधवाल्याच्या वहीत 'अध्यक्ष', मुलीच्या फोनमध्ये 'आई'. त्यांनी सावकाश, शाळेत गिरवतात तसं आपलं नाव लिहिलं. टेबलामागच्या बाईने ते मोठ्याने वाचलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "हो. बरोबर आहे." बाहेर पडताना त्यांना उगीचच हसू येत होतं.

बायकोच्या आणि मुलीच्या नावावर फुलं ठेवायचा बेत अध्यक्षांनी केव्हाच सोडला होता, कारण उत्तम म्हणण्याजोगं दुसरं फूल त्यांना दिसलंच नव्हतं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्यांनी पुढच्या बाजूचं सर्वोत्तम एक फूल कापलं, ओल्या कापडात गुंडाळलं आणि इस्त्रीचा सदरा घालून पुढे निघून गेले. मंडपात आधी जाऊन खुर्ची धरायची त्यांची रीत होती. ते गेल्यावर वहिनींनी मागच्या बाजूची मधली फांदी कापली. नऊ कळ्या होत्या त्यांपैकी आठ पूर्ण उमललेल्या, एक अर्धी. मधे मोकळी जागा होती, पण ती दिसतच नव्हती. आठही जणींनी थोडं थोडं सरकून ती भरून टाकली होती. फांदी बादलीत घालून त्या निघाल्या, तर कंडक्टर फाटकाशी उभे.

"वहिनी, हा कुठून काढला?"

"मागून," वहिनी म्हणाल्या.

कंडक्टरांनी बादली हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मोठा आवाज निघाला नाही.

परीक्षकबाई टेबलांवरून फिरत आल्या. अध्यक्षांच्या फुलापाशी त्या थांबल्या, उसासा टाकला आणि पुढे गेल्या. दोन बरण्या सोडून तिसऱ्या बरणीपाशी मात्र त्या वाकल्या ते वाकूनच राहिल्या. घोस फिरवून पाहिला, बोटाने मधली जागा चाचपली आणि हळूच म्हणाल्या, "ज्याने कुणी खुडलंय, त्याचा हात फार हलका आहे."

अध्यक्षांनी तो घोस लांबून पाहिला होता. "बरा आहे," ते शेजारच्याला म्हणाले, "पण त्यात मुख्य फूल कुठलं ते कळत नाही."

मग निकाल वाचला गेला. झुपकेदार गुलाब, पहिला क्रमांक, आणि एका बाईचं नाव. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवायच्या आणि हसतमुख दिसायचं, ही सभेची रीत ते पाळत. नाव ओळखीचं वाटत होतं, पण कुठे ऐकलं ते लवकर ध्यानात येईना. त्यांच्या हातांना ते आधी कळलं असावं, कारण टाळ्या मधेच थांबल्या. समोरून वहिनी व्यासपीठाकडे चालल्या होत्या.

वहिनींचं लक्ष त्यांच्याकडेच होतं. नवऱ्याचा चेहरा असा उतरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं त्या याच घटकेची वाट पाहत होत्या, आणि आता ती आली तर त्यांना वाईट वाटलं. कप घेतला, तो हातात गार लागला, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं.

"बक्षीसवाले सगळे फोटोला या!" फोटोग्राफर ओरडला. पाच खुर्च्यांची रांग मांडलेली होती. अध्यक्ष गेले आणि मधल्या खुर्चीत बसले. मुद्दाम नव्हे. पाय घेऊन गेले. गोंधळलेला माणूस घरी जातो, तसे ते मधल्या खुर्चीत गेले. हात मांडीवर, हनुवटी वर.

"काका, तुमचा नंबर कितवा?" फोटोग्राफरने विचारलं.

अध्यक्षांनी हनुवटी आणखी वर केली.

"काका, फक्त बक्षीसवाले हवेत. आणि मधे पहिला नंबर बसतो. जरा उठता का?"

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष उठले. ज्या खुर्चीतून त्यांना कुणी कधी उठवलं नव्हतं, तिच्यातून त्यांना तिशीतल्या एका पोराने सहज उठवलं. ते बाजूला जाऊन उभे राहिले आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना.

"बसा काकू," फोटोग्राफर वहिनींना म्हणाला.

वहिनींनी त्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ही मधली काढा."

"म्हणजे?"

"मधली खुर्ची काढून टाका. सगळ्याच काढा. उभे राहू सगळे. आणि नंबर असो नसो, ज्याने ज्याने फूल आणलंय त्याला घ्या फोटोत."

"चला चला, पुढे सरका!" कंडक्टरांचा गेलेला आवाज परत आला. "मधे जागा करा! अध्यक्ष, तुम्हीही चढा, दारात लटकू नका!"

त्या फोटोत तेवीस माणसं आहेत. अध्यक्ष डावीकडच्या टोकाला, त्यांचा एक खांदा चौकटीबाहेर गेला आहे. वहिनी कपाळापासून चपलांपर्यंत सगळ्या दिसतात. घड्याळ जुनं झालं आहे.

घरी आल्यावर अध्यक्ष सदराही न बदलता वाफ्यात गेले. फावडं घेऊन आले होते. वहिनींनी बटणांचा डबा उघडलाही नव्हता, कागदाचा विषयही काढला नव्हता, पण लिहून दिलेलं पाळायचं, एवढी एक गोष्ट त्या माणसात सरळ होती. "ताबा घे," ते मातीकडे बघत म्हणाले. "गुलाब मी आत्ता काढून देतो."

"गुलाब राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्याने काय केलंय? तुमची खुर्ची तेवढी हलवा."

अध्यक्षांनी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. मग एकेक फरशी उलथली, गुडघ्यामुळे कण्हत. दुसऱ्या फरशीखाली फिकट, पांढरट देठांचं जाळंच्या जाळं निघालं. तीन वर्षं दडपलेलं, आणि तरी प्रत्येक फटीकडे वाट काढत गेलेलं. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला.

"हे ते तण," ते म्हणाले.

"तण नाही हो. पुदिना आहे. माझा."

अध्यक्षांनी हातातली फरशी खाली ठेवली. वहिनींना वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलणार. कुठल्या तरी नियमावर बोट ठेवणार.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "चार पानं खुडून आणा."

अध्यक्ष वाकले. फटीतून वर आलेल्या हिरव्या शेंड्यापाशी त्यांचा अंगठा गेला, नख लागलंही. दोनशे चौदा कळ्या ज्या नखाने एका हंगामात न विचारता उडवल्या होत्या, ते नख तिथेच थांबलं. त्यांनी मान वळवून दारातल्या बायकोकडे पाहिलं.

"कुठली खुडू?" त्यांनी विचारलं.